रथी, अर्धरथी आणि बलांक : पुराणपुरुषांच्या बलाबलचर्चेचा इतिहास

१

महाभारताच्या उद्योगपर्वात ‘रथातिरथसंख्यान’ नावाचे एक उपपर्व आहे. युद्धाला तोंड लागण्यापूर्वी दुर्योधन भीष्मांना दोन्ही सैन्यांतील वीरांचे बलाबल विचारतो आणि भीष्म एकेकाचे नाव घेऊन तो रथ, महारथ की अतिरथ हे सांगत जातात. कर्णाचे नाव येते तेव्हा ते म्हणतात की हा पूर्ण रथही नव्हे, अर्धरथ आहे. त्याची कारणेही ते देतात : सहज कवचकुंडले गेलेली आहेत, परशुरामाचा शाप आहे, ब्राह्मणाची शापवाणी आहे. द्रोण त्यांना दुजोरा देतात आणि त्यांनी जोडलेले कारण विलक्षण आहे. कर्ण दयाळू आहे आणि प्रमादी आहे, म्हणून तो अर्धरथ. कर्ण संतापतो, स्वपक्षात भेद पाडल्याचा आरोप भीष्मांवर करतो आणि भीष्म असेपर्यंत आपण लढणार नाही, असे जाहीर करतो. परिणामी युद्धाचे पहिले दहा दिवस कौरवांचा हा वीर रणांगणाबाहेर राहतो. सैन्याचे बळ मोजण्यासाठी केलेल्या या गणनेनेच सैन्याचे बळ घटविले.

गेल्या चार-पाच दशकांत, आधी टेबलावरच्या भूमिकाखेळांतून आणि पुढे व्हिडिओ गेममधून, जगातील बहुतेक पुराणकथांमधील देव आणि वीर नव्या रूपात अवतरले. त्यांच्यासोबत एक जुनाच प्रश्नही परतला : यांच्यात अधिक बलवान कोण? क्रेटॉसपुढे थॉर टिकेल काय, कर्णाची शक्ती हेराक्लीसला भेदील काय, असे वाद खेळणारे तरुण तासन्‌तास घालतात. त्यांत प्रमाणे दिली जातात, खोडली जातात, पाठभेद सांगितले जातात. साहित्यसमीक्षेने या व्यवहाराची दखल घेतली नाही, ती तो पोरकट आहे या समजुतीने. परंतु भीष्मांच्या मुखातून हाच व्यवहार आला तेव्हा त्याला कोणी पोरकट म्हटले नाही. पुराणपुरुषांचे बलाबल ठरविण्याची ही परंपरा कोणकोणत्या अवस्थांतून गेली आणि ‘बलांक’ म्हणजे बळाचा आकडा तीत शिरल्यावर नेमके काय बदलले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

महाकाव्यातील बलनिर्णय सदैव सोपाधिक असतो, ही पहिली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात नौकांची यादी संपल्यावर कवी वाग्देवतेला विचारतो की या सर्वांत श्रेष्ठ कोण होता. मिळणारे उत्तर असे की अकिलीस रागावून दूर बसला होता तोवर एजॅक्स श्रेष्ठ होता. उत्तराला काळाची मर्यादा घातलेली आहे. पाचव्या सर्गात डायोमीडीस हा मर्त्य वीर अफ्रोडाइटी आणि एरीस या देवतांना जखमी करतो. पण तेव्हा अथीनीचे साहाय्य त्याला लाभलेले आहे. त्या प्रसंगावरून ‘डायोमीडीस एरीसहून बलवान’ असा सर्वकालीन निष्कर्ष काढणे होमरच्या श्रोत्याला हास्यास्पद वाटले असते.

महाभारतात उपाधींचे हे जाळे अधिक दाट आहे. वर, शाप, प्रतिज्ञा, सारथी, शब्द या सर्वांवर वीराचे बळ अवलंबून असते. भीष्म अजिंक्य आहेत. पण शिखंडी समोर येईपर्यंत. कर्णाची वासवी शक्ती अमोघ आहे. पण एकदाच, आणि ती चौदाव्या दिवशीच्या रात्री घटोत्कचावर खर्ची पडते. शल्य कर्णाचे सारथ्य पत्करतो, ते त्याचा तेजोवध करण्याचे वचन युधिष्ठिराला आधीच देऊन. म्हणजे बळ बोलण्यानेही घटते, हे महाभारताला मान्य आहे. मौसलपर्वात तर अर्जुनाचीच कसोटी लागते. कृष्णाच्या निर्याणानंतर यादवस्त्रियांना घेऊन जाताना त्याला अडविणारे आभीर केवळ लाठ्या घेऊन आलेले असतात. गांडीव तेच, धनुर्धर तोच. पण प्रत्यंचा कष्टाने चढते, अस्त्रे आठवत नाहीत, अक्षय मानलेले बाण संपतात. ज्याच्या तोडीचा रथी नाही असे भीष्मांनी म्हटले होते, तो वाटमाऱ्यांकडून पराभूत होतो.

महाकाव्यांना आकड्यांचे वावडे होते, असे मात्र म्हणता येणार नाही. महारथाची ‘दहा हजार धनुर्धरांशी एकटा लढणारा’ ही व्याख्या टीकाकारांच्या तोंडी सर्वत्र आढळते. आदिपर्वाच्या प्रचलित पाठात भीम नागलोकी आठ कुंडे रस पितो. एकेका कुंडात सहस्र नागांचे बळ आहे आणि ते पिऊन तो ‘अयुत’ म्हणजे दहा हजार नागांच्या बळाचा होतो. आठ हजारांचे दहा हजार कसे झाले, हा हिशेब कथा विचारत नाही. येथे ‘नाग’ म्हणजे हत्ती की सर्प, हे एककही संदिग्ध आहे. चीनमधील सोळाव्या शतकातील ‘पश्चिमेची यात्रा’ या कादंबरीत वानरवीर सुन वुखोंगच्या दंडावर त्याचे वजन कोरलेले आहे : १३,५०० चिन. हा आकडाही विस्मयासाठी आहे. त्याला कोणी दुसऱ्या आकड्यातून वजा करीत नाही. महाकाव्यातील संख्या हा अतिशयोक्तीचा अलंकार असतो. बळ ही एखाद्या पात्राने जवळ बाळगण्याची वस्तू नसून दोन पात्रांमधला, एका विशिष्ट प्रसंगातला संबंध असतो, हे सूत्र त्या संख्येने बाधित होत नाही.

३

वीरांकडून देवांकडे वळल्यावर चर्चेचे स्वरूप बदलते, कारण तेथे पंथांची प्रतिष्ठा गुंतलेली असते. शैव पुराणांत ब्रह्मा व विष्णू यांना ज्योतिर्लिंगाचा आदि-अंत सापडत नाही. हिरण्यकशिपूच्या वधानंतर अनावर झालेल्या नरसिंहाला शिव शरभरूपाने आवरतो. वैष्णवांनी ही कथा मान्य केली नाही आणि आपली प्रतिकथा रचली. मध्वाचार्यांच्या द्वैतमतात तर देवतांची उतरंड हा सिद्धांताचाच भाग आहे आणि तिला ‘तारतम्य’ ही संज्ञा आहे. मराठीत हा शब्द आज विवेक या अर्थाने रूढ आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण मानावी लागेल. श्रेष्ठकनिष्ठतेचा निवाडा करायचा तर आधी निकषाचा विवेक हवा, असेच जणू भाषेने ठरविले.

निकषाचा हा विवेक भागवतातील भृगूच्या कथेत उघड होतो. सरस्वतीतीरी जमलेल्या ऋषींत तिन्ही देवांपैकी श्रेष्ठ कोण असा वाद निघतो आणि परीक्षेसाठी भृगूला धाडले जाते. तो ब्रह्मदेवाचा अवमान करतो, शंकराला डिवचतो आणि विष्णूच्या छातीवर लाथ मारतो. विष्णू उठून त्याच्याच पायाला लागले काय, असे विचारतो. निर्णय विष्णूच्या बाजूने लागतो. पण तो कशाच्या बळावर? बलाबलाच्या प्रश्नाला क्षमेचे उत्तर मिळते. वादाला उत्तर देता देता वादाचा निकषच बदलून टाकण्याची ही रीत या परंपरेची खूण आहे. आकडा येतो तेव्हा हीच शक्यता प्रथम संपते, कारण आकडा लिहिण्यापूर्वी निकष ठरलेला असावा लागतो.

४

पुराणपुरुषाला कायमचा आकडा देण्याची रीत युद्धखेळांतून आली. १९७४मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ प्रसिद्ध झाला. १९७६मध्ये रॉबर्ट कुंट्झ व जेम्स वॉर्ड यांची ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’ ही पुस्तिका आली आणि १९८०मध्ये याच दोघांचा ‘डीटीज अँड डेमीगॉड्स’ हा मोठा ग्रंथ. त्यात ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन यांच्याबरोबर भारतीय देवमंडळही आहे. इंद्र, अग्नी, वरुण, यम, विष्णू, काली यांच्यापुढे तेथे संरक्षणाचे, गतीचे, आघात सोसण्याच्या क्षमतेचे आकडे छापलेले आहेत. झ्यूसची आघातक्षमता ४०० आहे.

येथे आकड्याचे कार्य निराळे आहे. कथनकार निर्णय देत असतो तेव्हा त्याला आकडा लागत नाही. चार माणसे फासे टाकून एकच कथा घडवीत असतात तेव्हा मात्र सर्वांना मान्य होणारा, कोणाच्याही लहरीवर न विसंबणारा निर्णय लागतो. आकडा तो पुरवितो. १९७६च्या पुस्तिकेच्या प्रस्तावनेत संपादकाने हेतू स्पष्ट केला होता : अफाट पातळ्या गाठलेल्या पात्रांचा फोलपणा खेळणाऱ्यांना उमगावा, यासाठी खुद्द देवांची मर्यादा दाखवून द्यायची. परिणाम उलटा होणे अटळ होते. सीमा म्हणून दिलेला आकडा लक्ष्य म्हणून वाचला गेला. ज्याला आकडा आहे त्याला मारता येते. चारशेमधून चारशे वजा होऊ शकतात, हे कळल्यानंतर झ्यूसचे अमरत्व हा फक्त फाशांचा प्रश्न उरतो.

जपानमध्ये ही प्रक्रिया वेगळ्या वळणाने गेली. निशितानी आया यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेला ‘मेगामी तेन्सेई’ हा व्हिडिओ गेम १९८७मध्ये निघाला. या मालिकेत जगभरची दैवते आणि भुते ‘पातळी’नुसार मांडलेली असतात आणि दोहोंच्या संयोगातून तिसरे निर्माण करता येते. मालिकेतील अनेक खेळांत बालीची रांगदा आणि बारोंग यांच्या संयोगातून शिव प्राप्त होतो. दैवतांच्या समन्वयाचा इतिहास येथे गणिती कृती होऊन बसतो. त्याच सुमारास तोरियामा आकिरा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’ या चित्रकथेत प्रतिपक्षाचे युद्धबळ आकड्यात दाखविणारे, डोळ्यावर लावायचे यंत्र आले. या कथेचा नायक गोकू म्हणजे सुन वुखोंगचाच जपानी वंशज, हे विसरता येत नाही. मूळ कथेत दंडावर कोरलेला आकडा येथे वीराच्या देहावर आला. तोरियामांनी आकड्याची थट्टाही लगेच केली. नायक आपले बळ लपवितो, यंत्र फसते, फुटते, आणि पुढे कथाच त्या यंत्राला सोडून देते. तरीही ‘पॉवर लेव्हल’ हा शब्दप्रयोग चर्चेत कायमचा रुजला तो येथूनच.

५

आकड्याने वाद मिटायला हवा होता, तो वाढला. याचे कारण ‘गॉड ऑफ वॉर’ या २००५पासूनच्या मालिकेतून नीट समजते. तिचा नायक क्रेटॉस. हेसिअडच्या ‘थिओगनी’त क्रेटॉस ही मूर्त झालेली शक्ती आहे, स्टिक्सची संतती, झ्यूसच्या सान्निध्यात राहणारी, इस्किलसच्या ‘प्रमीथ्यूस’मध्ये ती प्रमीथ्यूसला खडकाशी जखडण्याचे काम करून घेते. खेळातील क्रेटॉस मात्र स्पार्टाचा योद्धा आहे. तो पहिल्या खेळात एरीसला आणि २०१०च्या तिसऱ्या खेळात झ्यूसला मारतो.

आता त्याचे बळ किती? दुसऱ्या खेळात (२००७) ॲटलास त्याला बोटांत चिरडू पाहतो आणि तो ती बोटे रोखून धरतो. एक पक्ष म्हणतो : ॲटलास विश्वाचा भार वाहतो, क्रेटॉसने ॲटलासला रोखले, म्हणून क्रेटॉस विश्वाचा भार पेलू शकतो. दुसरा पक्ष दाखवून देतो की याच खेळात साध्या सैनिकांच्या घावांनीही तो घायाळ होतो आणि खेळाडू अकुशल असेल तर मरतोही. २०१८च्या खेळात हा झ्यूसहंता उत्तरेकडे येतो, तेव्हा त्याच्या नावापुढे पातळीचा आकडा दिसतो : १. यांपैकी कोणते प्रमाण बलवत्तर? कथेतील पराक्रम, खेळतानाचा अनुभव, पडद्यावरचा आकडा, निर्मात्याचे विधान की मूळ पुराणकथा?

पूर्वमीमांसेच्या अभ्यासकाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. जैमिनीच्या तिसऱ्या अध्यायात ‘बलाबलाधिकरण’ म्हणून प्रसिद्ध असलेले अधिकरण आहे. श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या ही सहा प्रमाणे परस्परविरोधी निघाली तर कोणते कोणाला बाधित करते, याचा निर्णय तेथे केलेला आहे : अर्थापर्यंत पोचायला ज्याला अधिक दूरचा मार्ग घ्यावा लागतो ते दुर्बळ. क्रेटॉसविषयीचा वाद नेमका याच जातीचा आहे. ॲटलासच्या बोटांवरून विश्वाच्या भारापर्यंत जाणाऱ्या अनुमानाला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. सैनिकाच्या घावाचा पुरावा थेट आहे, परंतु तो खेळाच्या सोयीसाठी आहे असा आक्षेप त्यावर येतो. वीरांच्या बलाबलाचा म्हणून जो वाद चाललेला दिसतो, तो वस्तुतः प्रमाणांच्या बलाबलाचा वाद आहे. चर्चा करणारे संहितेचे बाध-अबाध ठरवीत असतात. स्टॅन्ली फिश यांनी मांडलेली अर्थनिर्णायक समुदायाची कल्पना येथे प्रत्यक्ष कार्यरत दिसते. हा समुदाय स्वतःचे संकेत बनवितो आणि त्यांवरून भांडतो.

पाठभेदाचा प्रश्नही याच अंगाने येतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. द्रौपदीस्वयंवरात कर्ण धनुष्य सज्ज करतो आणि ‘सूताला वरणार नाही’ म्हणून नाकारला जातो, की केसभर अंतराने हरतो, याबाबत हस्तलिखितांत एकवाक्यता नाही. द्रौपदीचा तो नकार चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. म्हणजे कर्णाचे बळ किती, हा प्रश्न डॉ. वि. सी. सुखटणकरांच्या परंपरेतील संपादकांपुढेही पाठचिकित्सेच्या रूपाने उभा होता. मराठी वाचक तर या वादात मुरलेलाच आहे. १९६७ या एकाच वर्षी शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले आणि कर्णाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी समोरासमोर आल्या : एकीत गौरव, दुसरीत निर्मम चिकित्सा.

६

आकड्याच्या व्यवस्थेत कर्णाचे काय होते, हे पाहिल्यावर लाभहानीचा हिशेब स्पष्ट होतो. टाइप-मून या जपानी संस्थेच्या २००४च्या ‘फेट/स्टे नाइट’पासून सुरू झालेल्या मालिकेत इतिहास-पुराणांतील वीरांना आवाहन करून लढविले जाते. शक्ती, सहनशीलता, चपळता, मंत्रबळ, दैव आणि दिव्यायुध अशा सहा रकान्यांत त्यांना ‘ई’पासून ‘ए’पर्यंतच्या श्रेणी मिळतात. पुढे ‘फेट/एक्स्ट्रा सीसीसी’ (२०१३) आणि अन्य कृतींतून कर्ण या मालिकेत आला. तेथे कवच आणि शक्ती यांचा विनिमय जपलेला आहे. वासवी शक्ती वापरायची तर कवच गमवावे लागते. दातृत्वातून आलेली हानी ही आयुधाच्या वापराची अट झाली.

या व्यवस्थेत दोन पळवाटा आहेत आणि त्या उद्‌बोधक आहेत. पहिली ‘ईएक्स’ ही श्रेणी. ती ‘ए’च्या वरची पायरी नाही, मोजपट्टीच लागू पडत नाही, एवढेच ती सांगते. दुसरी कीर्तीची अट : ज्या भूमीत वीराचे आवाहन होते तेथे तो जितका परिचित, तितके त्याचे बळ अधिक. बळ हे श्रोत्यांच्या स्मृतीवर अवलंबून असते, ही स्वीकृतिमीमांसेतील भूमिकाच येथे खेळाचा नियम झाली आहे. आकड्यांच्या व्यवस्थेला शेवटी आकड्याबाहेरचे काही आत घ्यावेच लागते, याची ही कबुली आहे.

परंतु याच मालिकेतील ‘फेट/ग्रँड ऑर्डर’ (२०१५) या भ्रमणध्वनीवरील खेळात वीर सोडतीसारख्या योगायोगाने मिळतात, खेळणारे त्यासाठी पैसे मोजतात आणि कर्ण व अर्जुन दोघेही सर्वांत दुर्मिळ अशा पंचतारांकित वर्गात आहेत. बलांक येथे किमतीचा भाऊबंद होतो. याउलट ‘स्माइट’ (२०१४) या खेळात निरनिराळ्या धर्मांचे देव परस्परांशी लढत आणि एखादा देव फार प्रबळ ठरू लागला की निर्माते त्याचे आकडे घटवीत. सर्व देव तत्त्वतः समबल. जय खेळाडूच्या कौशल्याचा. या खेळातील कालीच्या चित्रणावर २०१२मध्ये अमेरिकेतील हिंदूंकडून आक्षेप घेतला गेला. तो वेशभूषेबरोबरच देवीला खेळाडूने चालवावे या कल्पनेवरही होता. उपास्य जेव्हा कोणाच्या हातातील साधन होते तेव्हा तारतम्याचा सारा पूर्वेतिहास पुसला जातो, हे त्या आक्षेपामागचे मर्म होते.

या पार्श्वभूमीवर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा खेळ वेगळा उठून दिसतो. त्याची नायिका देवी नाही; हरवलेल्या भावाला शोधणारी एक साधी मुलगी आहे. दुर्गा आणि विष्णू तिला आयुधे देतात. पण ते स्वतः खेळत नाहीत. ते वरून पाहतात, बोलतात, या मुलीची निवड योग्य झाली काय यावर मतभेद व्यक्त करतात. देवांना आकड्यातून सोडवून पुन्हा वक्त्याच्या जागी बसविण्याची ही युक्ती आहे. त्यांचे बळ मोजले जात नाही; त्यांच्या बोलण्याला मात्र वजन आहे.

या इतिहासातून एक भेद हाती लागतो. भीष्मांचा निर्णय हे एक बोलणे होते. तो कोणी, कोणाला, कोणाच्या देखत ऐकविला याला महत्त्व होते आणि म्हणून कर्णाला उत्तर देता आले. ‘दयाळू म्हणून अर्धरथ’ हे द्रोणांचे वाक्य कोणत्याही रकान्यात बसत नाही, कारण त्यात बळ आणि मूल्य यांचा झगडा आहे. पडद्यावरच्या आकड्याशी पात्राला भांडता येत नाही. ते भांडण मग खेळणारे त्याच्या वतीने करतात : आकडा चुकीचा आहे, तो प्रसंग विचारात घेतलेला नाही, शाप नसता तर निकाल वेगळा लागला असता. ज्या उपाधी आकड्याने पुसल्या त्या हे वादी एकेक करून परत आणतात. त्यांच्या वादात अडाणीपणा पुष्कळ आहे, भिन्न संस्कृतींतील पात्रांना एकाच तागडीत टाकण्याचा उतावळेपणाही आहे. तरीही प्रमाणांचा क्रम लावण्याची, पाठभेद तोलण्याची आणि ‘कोणत्या परिस्थितीत?’ असे विचारण्याची सवय त्यांना या वादानेच लावली आहे. ही सवय घेऊन जो विद्यार्थी वर्गात येतो, त्याला रथातिरथसंख्यान शिकविणे कठीण जाऊ नये. कर्ण दहा दिवस का लढला नाही, हा प्रश्न त्याला आधीच पडलेला असतो.